थबकलेली लाट : २०१० चा उन्हाळा, मॉस्को आणि पेशावर

२९ जुलै २०१० रोजी मॉस्कोमध्ये पारा ३८.२ अंश सेल्सिअसवर गेला. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकाला हा आकडा वाचून हसू येईल, कारण तिकडे मार्च संपता संपताच एवढे तापमान होते आणि त्याची बातमीही होत नाही. पण मॉस्को मुंबईपेक्षा सुमारे ३७ अंश उत्तरेला आहे. तेथील तापमानाच्या नोंदी १३० हून अधिक वर्षे मागे जातात आणि त्या साऱ्या काळात एवढी उष्णता कधी नोंदली गेली नव्हती. १९२० पासून टिकून असलेला ३६.८ अंशांचा उच्चांक त्या महिन्यात एकदा मोडला आणि मग चार दिवसांच्या आत पुन्हा पुन्हा मोडत गेला. त्याच २९ तारखेला फिनलंडच्या पूर्व भागातील योएन्सू विमानतळावर ३७.२ अंशांची नोंद झाली आणि तो त्या देशाचा उच्चांक ठरला.

नेमक्या त्याच दिवसांत, मॉस्कोपासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आग्नेयेला, पाकिस्तानच्या वायव्य सरहद्दीवर पाऊस कोसळत होता. पेशावरमध्ये २४ तासांत २७४ मिलिमीटर पाऊस पडला. हा पाऊस त्या शहराच्या वर्षभराच्या सरासरीच्या निम्म्याहून अधिक आहे. स्वात आणि काबूल या नद्यांचे पाणी सिंधूत उतरले आणि पुढील काही आठवड्यांत त्या पुराची झळ सुमारे दोन कोटी लोकांना बसली. एकीकडे आग आणि धूर, दुसरीकडे महापूर, अशा या दोन बातम्या त्या वेळी वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या पानांवर छापल्या जात होत्या. वातावरणशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांचा एकत्र विचार करावा लागतो, कारण मध्य अक्षांशांतील पश्चिमी वाऱ्यांमधील एकच लाट जागच्या जागी थबकली होती आणि तिचा उंचवटा, म्हणजे उत्तरेकडे फुगलेला जास्त दाबाचा भाग, रशियावर, तर खळगा, म्हणजे दक्षिणेकडे उतरलेला कमी दाबाचा भाग, त्याच्या पूर्वेला होता. ही लाट थबकली कशी आणि थबकल्यावर काय काय झाले, हे तपासणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

पुस्तकातील आकृती आणि प्रत्यक्षातील वारे

शालेय भूगोलात पृथ्वीच्या गोलावर प्रत्येक गोलार्धात तीन चक्रे काढलेली असतात. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, ३० अंशांच्या आसपास खाली उतरते आणि व्यापारी वाऱ्यांच्या रूपाने परत येते, हे हॅडली चक्र. ध्रुवाजवळ असेच एक लहान आणि दुबळे चक्र असते. या दोहोंच्या मध्ये, साधारण ३० ते ६० अंशांदरम्यान, फेरेल चक्र दाखवले जाते. जॉर्ज हॅडली यांनी आपली कल्पना १७३५ मध्ये मांडली होती. विल्यम फेरेल हे अमेरिकेतील नॅशव्हिल येथे शाळेत शिकवीत असत आणि वारे व सागरी प्रवाह यांवरचा त्यांचा १८५६ मधील निबंध चक्क वैद्यक व शस्त्रक्रियेच्या एका स्थानिक नियतकालिकात छापला गेला. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळते, ही गोष्ट वाऱ्यांच्या मांडणीत नीट बसवण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते.

तीन चक्रांची ही आकृती परीक्षेपुरती सोयीची असली, तरी मध्य अक्षांशांसाठी ती फसवी आहे असे माझे मत आहे. हॅडली चक्र हे खऱ्या अर्थाने यंत्र आहे : गरम हवा वर जाते, थंड हवा खाली येते आणि त्यातून गती निर्माण होते. फेरेल चक्रात मात्र सरासरी काढली तर तुलनेने गरम बाजूला हवा उतरते आणि तुलनेने थंड बाजूला चढते. चुलीवरचे पाणी कधी असे वागत नाही. याचा अर्थ हे चक्र स्वतःच्या बळावर फिरत नाही, त्याला दुसरे कोणीतरी फिरवत असते. ते दुसरे म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या लाटा आणि त्यांच्या कुशीत जन्मणारे आवर्त व प्रत्यावर्त, म्हणजे कमी आणि जास्त दाबाभोवती फिरणारे वारे. महिनाभराच्या वाऱ्यांची बेरीज-वजाबाकी केल्यावर ताळेबंदात जी शिल्लक उरते तिला आपण फेरेल चक्र म्हणतो. खरा व्यवहार त्या आधीच्या नोंदींमध्ये झालेला असतो.

तो व्यवहार मोठा आहे. उष्ण कटिबंधाला मिळणारी जादा ऊर्जा ध्रुवांकडे पोहोचवण्याचे काम ३० अंशांपलीकडे मुख्यतः या लाटाच करतात. लाटेच्या एका बाजूने दक्षिणेची उबदार, दमट हवा उत्तरेकडे चढते आणि दुसऱ्या बाजूने उत्तरेची थंड हवा दक्षिणेकडे उतरते. दोन्ही बाजूंनी उष्णतेचा प्रवास ध्रुवाच्या दिशेनेच होतो, कारण ऊब वर गेली काय किंवा गारवा खाली आला काय, हिशोबात दोन्ही एकाच स्तंभात जमा होतात. जिथे उत्तर-दक्षिण तापमानातील फरक सर्वांत तीव्र असतो, त्याच्या वर ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, तपांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या, छताशी झोतवारा हा वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा वाहतो. लाट म्हणजे या झोताचे वळसे होत.

लाट पुढे का सरकते आणि केव्हा थांबते

या वळशांचे गणित स्टॉकहोममध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी १९३९ मध्ये मांडले. ते समजून घेण्यासाठी एकच कल्पना पुरेशी आहे. पृथ्वी फिरते म्हणून तिच्यावरची स्थिर वाटणारी हवाही फिरत असते, पण हे फिरणे सर्वत्र सारखे जाणवत नाही. ध्रुवाजवळ उभ्या अक्षाभोवतीचा हा भोवरेपणा सर्वाधिक असतो आणि विषुववृत्तावर तो शून्य होतो. आता हवेचा एखादा मोठा लोट काही कारणाने उत्तरेकडे ढकलला गेला, तर तो जिथे पोहोचतो तिथे पृथ्वीचा भोवरेपणा जास्त असतो. लोटाचा एकूण भोवरेपणा तर कायम राहायला हवा. म्हणून त्याच्या स्वतःच्या वाट्याचा भोवरेपणा कमी होतो, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळू लागतो आणि शेवटी दक्षिणेकडे परततो. मूळ अक्षांशावर तो थांबत नाही, झोक्यासारखा पुढे जातो, तिथे उलट दिशेने वळतो आणि पुन्हा उत्तरेकडे येतो. पश्चिमी वाऱ्यावर बसून हा झोका घेत गेल्याने नकाशावर नागमोडी रेषा उमटते.

या लाटेचा स्वभाव असा की ती आपल्याला वाहून नेणाऱ्या हवेच्या तुलनेत पश्चिमेकडे, म्हणजे उलट्या दिशेने, सरकू पाहते आणि लाट जितकी लांब तितकी ही उलटी ओढ जोरदार असते. वाहत्या नदीत प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या माणसाचे उदाहरण इथे चपखल बसते. लहान लाट हा कच्चा पोहणारा. तो हातपाय मारतो, पण वाहतच जातो. लांब लाट हा पट्टीचा पोहणारा. काठावरून पाहणाऱ्याला तो एकाच जागी दिसू शकतो.

आकडे घालून पाहू. ५५ अंश उत्तर अक्षांशावर ३,००० किलोमीटर लांबीच्या लाटेची पश्चिमेकडील ओढ सेकंदाला सुमारे ३ मीटर येते. साडेपाच किलोमीटर उंचीवरचा पश्चिमी वारा सेकंदाला १५ मीटर असेल, तर लाट १२ मीटर वेगाने पूर्वेकडे जाईल, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटरहून थोडी अधिक. मध्य अक्षांशांतील देशांत सोमवारी पाऊस, बुधवारी ऊन, शुक्रवारी पुन्हा पाऊस असे का चालते, त्याचे उत्तर या हिशोबात आहे. आता लाट लांब होत गेली तर? याच वाऱ्यात सुमारे ६,७०० किलोमीटर लांबीच्या लाटेची उलटी ओढ वाऱ्याच्या वेगाइतकी होते आणि लाट थांबते. वारा मंदावून सेकंदाला १० मीटरवर आला, तर थांबण्यासाठी साडेपाच हजार किलोमीटर लांबीही पुरते. या अक्षांशवृत्ताचा परीघ सुमारे २३,००० किलोमीटर आहे, म्हणजे अशा चार लाटा त्यावर जवळपास बरोबर मावतात. उन्हाळ्यात ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातील फरक कमी झाल्याने झोतवारा मुळातच दुबळा असतो, हेही इथे ध्यानात घ्यावे लागते.

हे गणित उथळ, नेटक्या लाटांसाठी आहे. लाट फार खोल झाली की ती समुद्राच्या लाटेसारखी कोलमडते, तिच्यातून हवेची मोठी डबकी सुटी होतात आणि सूत्र तोकडे पडते. मॉस्कोवर जे झाले ते या दुसऱ्या प्रकारात मोडते. तरी लाट थांबण्याची पहिली अट याच साध्या हिशोबातून कळते.

अडसर

जून २०१० च्या अखेरीस पश्चिम रशियावर जास्त दाबाचा एक प्रत्यावर्त तयार झाला. असे प्रत्यावर्त दर उन्हाळ्यात येतात आणि आठवडाभरात पूर्वेकडे निघून जातात. हा गेला नाही. मधल्या काळात तो काही वेळा सैल पडला, पण पुन्हा जवळपास त्याच जागी उभा राहिला, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्याचा मुक्काम होता. वातावरणशास्त्रात याला ब्लॉकिंग म्हणतात. मराठीत अडसर हा शब्द मला अधिक समर्पक वाटतो, कारण दाराला आतून आडवा दांडा घातल्यावर जसे होते तसेच हे असते. पश्चिमी वारे येऊन थडकतात, दुभंगतात आणि वळसा घेऊन जातात. त्या जुलैत झोतवाऱ्याची एक शाखा फार उत्तरेकडून गेली आणि दुसरी दक्षिणेकडून. मधल्या विस्तीर्ण प्रदेशावर वारा जवळजवळ पडलेला होता. नकाशावर या वळशाचा आकार ग्रीक ओमेगा अक्षरासारखा दिसतो : मधोमध फुगलेला जास्त दाब आणि दोन्ही पायांशी कमी दाबाचे खळगे.

इतका काळ हा अडसर टिकला कसा, हा प्रकरणातील सर्वांत रंजक प्रश्न आहे. घर्षण आणि उष्णतेचे उत्सर्जन यांमुळे कोणताही प्रत्यावर्त काही दिवसांत झिजायला हवा, म्हणजे त्याला कोणीतरी खाद्य पुरवत असले पाहिजे. हे खाद्य अटलांटिकवरून येणाऱ्या लहान वादळांकडूनच मिळते. वादळ अडसराच्या पश्चिम कडेला पोहोचते तेव्हा दुभंगलेल्या प्रवाहात ते उत्तर-दक्षिण ताणले जाते. त्याच्या पुढच्या बाजूने दक्षिणेकडील हवा, जिचा भोवरेपणा कमी असतो, उत्तरेकडे फेकली जाते आणि प्रत्यावर्ताच्या पोटात मिसळते. वादळाची जास्त भोवरेपणाची हवा मात्र बाहेरच्या बाहेर खळग्यांकडे वळवली जाते. ज्यांनी अडसर मोडायचा तेच त्याला पोसतात, असा हा उफराटा कारभार आहे.

उष्णता आली कुठून

जास्त दाब म्हणजे आपोआप उष्णता असे समीकरण नाही. हिवाळ्यात असाच प्रत्यावर्त रशियावर कडाक्याची थंडी आणतो. उन्हाळ्यात उष्णता तीन वाटांनी आली आणि त्या तिन्ही एकमेकींना जोर देत गेल्या.

पहिली वाट म्हणजे प्रत्यावर्ताच्या पश्चिम कडेने दक्षिणेकडील गवताळ प्रदेशांवरून वर चढणारी तापलेली हवा. कॅस्पियन समुद्राच्या वायव्येला असलेल्या काल्मिकियात १२ जुलै रोजी ४५.४ अंशांची नोंद झाली होती आणि रशियातील हा उच्चांक होता. दुसरी वाट वरून खाली येणारी आहे. प्रत्यावर्तात हवा सावकाश खाली उतरते आणि उतरताना दाबली गेल्यामुळे दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. सायकलच्या पंपाचे नळकांडे हवा भरताना गरम लागते, त्याचेच हे मोठे रूप आहे. अशा हवेत ढग टिकत नाहीत. आकाश मोकळे राहते आणि ५५ अंशांवर जुलैचा दिवस साडेसोळा-सतरा तासांचा असतो. सूर्य आपल्याइतका डोक्यावर येत नाही, पण तो मावळायलाही तयार नसतो.

तिसरी वाट जमिनीतून येते आणि तिचा हिशोब थोडा खोलात जाऊन करण्यासारखा आहे. ओल असलेल्या शेतातून उन्हाळ्यात दिवसाला ४ मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरू. एक चौरस मीटरमागे हे ४ किलो पाणी झाले आणि त्याची वाफ करायला सुमारे १ कोटी ज्यूल ऊर्जा लागते. सूर्याकडून आलेली एवढी ऊर्जा तापमान न वाढवता खर्च होते. जमीन कोरडी पडली की हा खर्च थांबतो आणि तीच ऊर्जा हवा तापवायला मोकळी होते. जमिनीलगतच्या २ किलोमीटर जाडीच्या हवेचे वजन चौरस मीटरमागे साधारण २,२०० किलो भरते. ही १ कोटी ज्यूल ऊर्जा तिच्यात गेली, तर ती एका दिवसात साडेचार अंशांनी तापेल. प्रत्यक्षात रात्री उष्णता बाहेर पडते, हवा मिसळते, त्यामुळे एवढी वाढ साठत नाही, पण कोरड्या मातीचे बळ किती असते याचा अंदाज यावरून येतो. मातीतील ओल जुलैत झपाट्याने संपली आणि पुढचे आठवडे प्रत्येक दिवस आदल्या दिवसाच्या शिलकी उष्णतेवर उभा राहिला. वारा असता तर ही तापलेली हवा वाहून गेली असती. अडसराने तीही सोय ठेवली नव्हती.

मॉस्कोभोवतीच्या दलदलींतील पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर, सोव्हिएत काळात वीजकेंद्रांच्या इंधनासाठी खणून काढले जात आणि त्यासाठी दलदलींचे पाणी काढून टाकलेले होते. अशा वाळलेल्या पीटला लागलेली आग जमिनीखाली धुमसत राहते. तिच्या ज्वाळा दिसत नाहीत, धूर मात्र थांबत नाही. पडलेल्या वाऱ्यामुळे हा धूर शहरावरच साचला आणि ७ ऑगस्टला मॉस्कोच्या हवेतील कार्बन मोनॉक्साईडचे प्रमाण परवानगीच्या मर्यादेच्या सहा पटींहून अधिक झाले. घरे थंडी बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली, रात्रीही न उतरणारा उकाडा आणि वर हा धूर, अशा स्थितीत जुलै-ऑगस्टमध्ये एकट्या मॉस्कोत नेहमीपेक्षा सुमारे ११,००० मृत्यू जास्त झाले. संपूर्ण रशियासाठी सुमारे ५५,००० हा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. ३८ अंशांना हसणाऱ्या वाचकाने हे आकडे पाहावेत. शरीर कशाला सरावलेले आहे, यावर उष्णतेची मारक शक्ती ठरते.

धान्याचे उत्पादन २००९ मधील सुमारे ९.७ कोटी टनांवरून ६.१ कोटी टनांच्या आसपास घसरले. १५ ऑगस्टपासून रशियाने धान्याची निर्यात बंद केली आणि जागतिक बाजारात गव्हाचे भाव झपाट्याने चढले.

पूर्वेकडील खळगा

ओमेगाचा पूर्वेकडील पाय पाहिल्याशिवाय प्रकरण पूर्ण होत नाही. प्रत्यावर्ताच्या पूर्व कडेने उत्तरेची थंड हवा खाली उतरत होती. रशियाचा पश्चिम भाग भाजून निघत असताना सायबेरियाच्या काही भागांत तापमान सरासरीपेक्षा कमी होते. या खळग्याचे टोक वरच्या थरांत दक्षिणेकडे ताणत थेट पाकिस्तानच्या वायव्य भागापर्यंत पोहोचले. मॉस्को आणि पेशावर यांच्या रेखांशांतील फरक ३४ अंशांच्या आसपास आहे आणि ५५ अक्षांशावर मोजल्यास ते अंतर सुमारे २,२०० किलोमीटर भरते. वरच्या साध्या हिशोबाप्रमाणे उंचवटा आणि खळगा यांत निम्म्या लाटेचे, म्हणजे पावणेतीन हजार किलोमीटरचे अंतर असायला हवे. मेळ अगदी काटेकोर बसत नाही, पण तोंडी गणिताकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की बातम्यांत पश्चिमी झंझावाताचा उल्लेख येतो. तो झंझावात म्हणजेही मध्य अक्षांशांतील लाटेचा असाच दक्षिणेकडे उतरलेला खळगा असतो. फरक असा की हिवाळ्यात झोतवारा दक्षिणेकडे सरकलेला असल्याने ही गाठ नेहमीची असते. जुलैअखेरीस मात्र हा झोत हिमालयाच्या उत्तरेला गेलेला असतो आणि उपखंडावर मोसमी वाऱ्यांचे राज्य असते. २०१० मध्ये या दोन व्यवस्था ऐन पावसाळ्यात एकमेकींना भिडल्या.

मोसमी वाऱ्यांनीही त्या आठवड्यात आपली नेहमीची हद्द ओलांडली होती. बंगालच्या उपसागराकडून आलेली कमी दाबाची प्रणाली पश्चिमेकडे सरकत गेली आणि तिच्या उत्तर कडेने, हिमालयाच्या पायथ्याला धरून, दमट हवा सिंधूच्या खोऱ्यात शिरली. अरबी समुद्राकडूनही बाष्प येत होते. वरून थंड खळगा आणि खालून एवढे बाष्प, त्यात समोर डोंगराची भिंत, अशी ती सांगड होती. रॉबर्ट हाऊझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहावरील रडारच्या नोंदी तपासून एक नेमकी गोष्ट दाखवून दिली. या कोरड्या, डोंगराळ पट्ट्यात एरवी पाऊस पडतो तो उंच, अरुंद आणि थोडा वेळ टिकणाऱ्या गडगडाटी ढगांतून. २०१० मध्ये मात्र तिथे बंगालच्या बाजूला दिसतात तसे पसरट, तासन्‌तास बरसणारे मेघसमूह होते. उघड्या, खडकाळ उतारांवर असे पाणी सलग पडल्यावर ते मुरणार कुठे? पुराने देशाचा सुमारे पंचमांश भूभाग वेगवेगळ्या वेळी बाधित झाला आणि मृतांची संख्या १,७०० च्या पुढे गेली.

५ ऑगस्टच्या रात्री लडाखमधील लेह येथे झालेली अतिवृष्टी याच व्यापक स्थितीत घडली. तिथे दोनशेहून अधिक लोक चिखलाच्या लोंढ्यांत मरण पावले. लेहच्या हवामान केंद्रातील पर्जन्यमापकात मात्र त्या दिवसाचा पाऊस १२.८ मिलिमीटर एवढाच नोंदला गेला होता. ढग वरच्या नाल्यांवर फुटले आणि पर्जन्यमापक दुसरीकडे होता. अतिउंच डोंगराळ भागातील पावसाच्या आकड्यांवर किती विसंबावे, याचा हा बोलका दाखला आहे.

या ठिकाणी एक पथ्य पाळावे लागते. मॉस्कोच्या उष्णतेमुळे पेशावरला पूर आला, असे म्हणणे चुकीचे होईल. अडसर आणि खळगा ही एकाच लाटेची दोन अंगे होती, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी संबंध निश्चित आहे. विल्यम लाऊ आणि क्यू-म्यॉन्ग किम यांनी २०१२ मध्ये या संबंधाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पण खळगा आला आणि बाष्प नसते, तर थोडा गार वारा सुटून गोष्ट तिथेच संपली असती.

कारण कोणते

प्रकरण ताजे असतानाच दोन अभ्यासांनी परस्परविरोधी वाटणारे निष्कर्ष काढले. रँडल डोल आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे मांडले की या उष्णतेची तीव्रता मुख्यतः वातावरणाच्या नैसर्गिक चढउतारांतून, म्हणजे अडसरातून आली. त्याच वर्षी स्टेफान राम्स्टॉर्फ आणि डिम कूमू यांनी सांगितले की तापमानवाढ झाली नसती, तर मॉस्कोतील जुलैचा हा उच्चांक सुमारे ८० टक्के शक्यतेने घडला नसता. वृत्तपत्रांनी हा वाद म्हणून रंगवला. २०१२ मध्ये फ्रीडेरिके ओटो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोन्ही गटांचे प्रश्नच वेगळे होते. सरासरीपेक्षा तापमान जितके चढले त्यातील बहुतेक अंश अडसराचे, हे खरे. तापमानवाढीचा वाटा त्यात लहान, हेही खरे. परंतु उच्चांकाच्या रेषेपाशी अंशभराची वाढसुद्धा ती रेषा ओलांडली जाण्याची शक्यता कितीतरी पटींनी बदलते आणि त्यांच्या हिशोबाने १९६० च्या दशकाच्या तुलनेत अशा जुलैची शक्यता सुमारे तिप्पट झाली होती. धरण आधीच काठोकाठ भरलेले असताना येणारा शेवटचा पाऊस थोडाच असतो, पण सांडव्यावरून पाणी जाते ते त्याच्यामुळे.

आर्क्टिक प्रदेश वेगाने तापत असल्याने झोतवारा मंदावतो आणि असे अडसर वाढतात, हा याच्या पुढचा दावा आहे. वरच्या हिशोबात वारा मंदावल्यावर लाट थांबते हे आपण पाहिलेच, त्यामुळे तो पटण्याजोगा वाटतो. तथापि, प्रत्यक्ष नोंदी आणि संगणकीय प्रतिमाने यांच्या आधारे त्यावर तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही, आणि एका उन्हाळ्याच्या जोरावर तो सिद्ध झाला असे मानण्याची घाई करू नये.

शेवटचे दिवस

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अडसराची पकड सुटली. वायव्येकडून आलेल्या थंड हवेच्या आघाडीला या वेळी कोणी अडवले नाही. १८-१९ ऑगस्टच्या सुमारास ती मॉस्कोवरून गेली, पाऊस पडला, धूर पांगला आणि पारा उतरला. लाट पुन्हा पूर्वेकडे सरकू लागली होती. सिंध प्रांतात त्या वेळी पुराचे पाणी अजून खाली सरकत होते, कारण नदीला आपल्या वेगाने समुद्र गाठायचा होता.

अडसर केव्हा उभा राहणार आणि केव्हा मोडणार हे आठवड्याहून अधिक आधी सांगणे आजही अवघड आहे. एकदा उभा राहिल्यावर मात्र त्याच्या कडेला काय घडेल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. पीटर वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी युरोपीय मध्यम-अवधी हवामान अंदाज केंद्राची त्या जुलैतील भाकिते नंतर तपासली, तेव्हा उत्तर पाकिस्तानातील २८ ते ३० जुलैच्या अतिवृष्टीची चिन्हे सहा ते आठ दिवस आधीच त्यांत उमटलेली आढळली. ती स्वात आणि सिंधूच्या काठावरील गावांपर्यंत वेळेत पोहोचवील अशी कोणतीही व्यवस्था त्या वेळी अस्तित्वात नव्हती.